थंडी शिवणीतून येते

मला त्यांचा राग यायचा. अजूनही येतो, आणि तो कमी व्हावा असं मला मुळीच वाटत नाही. जुन्या माणसांबद्दल लिहायचं म्हणजे साखरेत घोळवून लिहायचं अशी आपल्याकडे रीत आहे. माझ्याकडून ते व्हायचं नाही. शिवाय ह्या माणसाबद्दल कुणी गोड लिहिलं, तर ते आधी कागदच दोन्ही हातांनी ताणून बघतील आणि फाटला की म्हणतील, "पाह्य, सांगितलं होतं नं?"

२००४च्या जानेवारीत मी पुण्याहून अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज ह्या गावी पीएच.डी. करायला गेले, तेव्हा ते आमचे घरमालक झाले. युनिव्हर्सिटीची बस जिथे संपते त्याच्या थोडं पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर. वर ते आणि काकू, खाली बेसमेंटमध्ये मी आणि माझी मुंबईची रूममेट. मूळचे नागपूरचे. तिथल्या कापडगिरणीत उमेदवारी करून तरुणपणीच अमेरिकेत आले आणि डोंगरापलीकडच्या एका लहान गावात, शिकारीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यात तपासनीस म्हणून लागले. लोकरीचे जाड चौकड्यांचे कोट, तशाच विजारी, कॅनव्हासची जाकिटं. त्यांचा हात फिरल्याशिवाय तिथून एक बाही बाहेर पडली नाही. मी जायच्या थोडं आधी तो कारखाना बंद पडला होता. तपासणी मात्र चालूच होती.

पहिल्या भेटीत त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही, कोटाकडे पाहिलं. आईनं पुण्यात थंडीच्या दिवसांत तिबेटी लोक स्वेटर विकायला बसतात तिथून, घासाघीस करून आणलेला कोट. "ये, ये," म्हणत त्यांनी माझी कॉलर उलटी केली, आतली पट्टी वाचली, आणि बाही खांद्यापाशी धरून असा हिसका दिला की शिवण टर्रकन उसवली. बाहेर बर्फ पडत होतं. मी विमानातून उतरून, बस बदलत बदलत, झोपेनं मेल्यासारखी होऊन आले होते.

"अहो काका, काय करताय!" मी किंचाळलेच.

"मी काही नाही केलं. ज्यानं शिवलं त्यानं केलं," ते म्हणाले. "थंडी कापडातून येत नाही पोरी, शिवणीतून येते. ह्या कोटात तू पहिल्याच आठवड्यात गार झाली असती."

संध्याकाळी त्यांनी स्वतः गॅरेजमधल्या मशीनवर बाही जोडून दिली. पुढे तो कोट चहूबाजूंनी विरला, अस्तर लोंबायला लागलं, पण तो खांदा हलला नाही. माफी मात्र त्यांनी मागितली नाही. ती चीज त्यांच्या दुकानात ठेवलेलीच नव्हती.

त्यांच्या घरात कपडे धुण्याचं मशीन एकच होतं आणि त्यात वासाची साबण पावडर घालायला बंदी होती. का, तर त्यांचे शिकारीचे कपडे त्याच मशीनमध्ये धुतले जायचे आणि हरणाला वास आला की हरीण पळतं. आम्ही दोघी खायच्या सोड्यात कपडे धुवायचो. मी लॅबमध्ये जायचे ते सदैव कसलाच वास नसलेली, उकडलेल्या बटाट्यासारखी. त्यांचे कपडे मात्र बाहेर पाइनच्या झाडाखाली दोरीवर आठवडाभर लटकायचे, पानांचा वास लागावा म्हणून. त्यांना कुणी हात लावला तर घर डोक्यावर घेत.

कपडे निवडायची त्यांची रीत तर विचारू नका. आजूबाजूच्या गावांत शिकारीच्या सामानाची जी दुकानं होती, तिथले लोक त्यांना बघून मागच्या खोलीत जायचे. आधी कॉलर उलटी करून कुठे बनलंय ते बघायचं. अमेरिकेत बनलेलं नसेल तर "हं!" असा नाकातून आवाज काढायचा. बनलेलं असेल तर बिचाऱ्या कपड्याचे खरे हाल. काखेतली शिवण ताणायची, बटणाला पीळ द्यायचा, बोट ओलं करून लोकरीवर घासायचं, मग सगळं जाकीट कानाजवळ नेऊन चुरगाळायचं.

"ऐक. आवाज आला?"

"थोडासा."

"तुला थोडासा आला म्हणजे हरणाला पुरता आला. ठेव खाली."

बऱ्याचदा ते चुकायचेसुद्धा. मला मोज्यांचा एक जोड त्यांनी अगदी छातीठोकपणे घ्यायला लावला, "हे तुझ्या लग्नात घालशील" म्हणून. मार्चपर्यंत टाचा गेल्या. मी ते त्यांच्या समोर नेऊन धरले तर म्हणाले, "तू चालतेच वाकडी."

आणि आता खरी संतापाची गोष्ट. हा माणूस शिकारीला जायचाच नाही.

पेनसिल्व्हेनियाच्या त्या डोंगरांत नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगनंतरचा सोमवार म्हणजे सणच. त्या दिवशी हरणांची शिकार सुरू व्हायची, खेड्यापाड्यांतल्या शाळांना सुट्टी असायची, आणि गावंच्या गावं कायद्यानं सांगितलेलं भडक नारिंगी जाकीट वर चढवून डोंगरात जायची. काकाही पहाटे उठायचे. तो लाल-काळ्या चौकड्यांचा कोट, विजार, बूट, वर नारिंगी जाकीट, सगळा साज करायचे आणि गॅरेजमध्ये स्टुलावर बसून राहायचे. उजाडलं की डोंगरावरून गोळ्यांचे आवाज यायला लागायचे. दुपारी ते कपडे उतरवायचे. संपला सीझन. एका सशालाही कधी धक्का न लावणाऱ्या माणसापायी मी वर्षभर सोड्यात कपडे धुवायचे?

त्या सोमवारच्या आदल्या आठवड्यात आणखी एक छळ असायचा. काकू शुद्ध शाकाहारी. त्यांच्या स्वयंपाकघरात मटण शिजणं शक्य नव्हतं, म्हणून काकांची शेगडी गॅरेजमध्ये. तिथे ते सावजी मसाला भाजायचे. लाल मिरच्या, दगडफूल, खसखस, काय काय. आमच्या बेसमेंटचं दार गॅरेजमध्येच उघडायचं. धूर पहिल्यांदा आमच्याकडे यायचा, स्मोक अलार्म बोंबलायला लागायचा, आम्ही खोकत खोकत अंगणात. एकदा तर शेजाऱ्यांनी फायर ब्रिगेड बोलावली. एक धिप्पाड गोरा माणूस कुऱ्हाड घेऊन आत गेला आणि डोळे पुसत बाहेर आला. काका मिरच्या परतत होते. मग जवळच्या फार्मवरून आणलेल्या बोकडाचं भलंमोठं पातेलं शिजायचं आणि सोमवारी दुपारनंतर ते मटण डबे भरभरून सगळ्या देशी विद्यार्थ्यांना वाटलं जायचं. पोरं दुवा देत खायची. मी मात्र हात लावायची नाही. कुणीतरी राग दाखवायला नको का?

माझ्या दुसऱ्या दिवाळीला त्यांच्याकडे मोठी पार्टी होती. आलेल्यांचे कोट वरच्या बेडरूममध्ये पलंगावर टाकलेले. काका फराळ सोडून तिथे गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी बघायला गेले तर ढिगाऱ्यातला एकेक कोट उचलून कॉलरी उलट्या करणं चाललं होतं. माझ्या मागोमाग सांता क्लाराहून भावाकडे आलेला एक जण आत आला. आयटीतला, नवी गाडी घेतल्याचं तीनदा सांगून झालेला. त्याच्या जाकिटाची चेन काकांच्या हातात होती आणि जाकीट पलंगावर.

"काका, व्हॉट द... अहो, ब्रँडेड आहे ते!"

"ब्रँड चांगला आहे. टाके लांब लांब आहेत."

"मेड इन इंडिया आहे काका, बघा ना. आपल्याच लोकांना जॉब्स मिळाले यार. चांगलंच आहे ना? तुमची ती फॅक्टरी पण इंडियातच गेली ना? मग एवढं काय चिडायचं?"

काका रागावले की बोलण्यात नागपूरच्याही पलीकडे, थेट लहानपणीच्या खेड्यात जायचे. "अबे," ते म्हणाले, "हे ज्या पोरीनं शिवलं नं, तिचा हात चांगला आहे. हे पाह्य, टीप किती सरळ आहे. तिले दोरा कमी देल्ला. लांब टाके घाल म्हणून तिच्या डोक्यावर कोणी उभा होता. कोण उभा होता, सांग? मले तेच काम देत होते!"

त्यांनी जाकीट त्याच्या अंगावर फेकलं आणि ते बाहेर थंडीत निघून गेले. तो सांता क्लारावाला म्हणाला, "सो रूड यार." मी त्याला म्हटलं, "चकल्या संपल्यात, तू आता निघ." चकल्या संपल्या नव्हत्या.

मंडळी पांगल्यावर भांडी घासताना काकूंनी मला सगळं सांगितलं. कारखाना हलवायचं मालकाचं ठरलं तेव्हा त्यानं आधी गावभर सांगितलं की आपला इंडियन तपासनीस तिकडे जाऊन नव्या पोरींना शिकवणार आहे, आणि मग ह्यांना विचारलं. "तुझंच घर आहे, भाषा येते तुला," म्हणाला. कारखाना जाणार होता तामिळनाडूत. काकूंना सांगतानाही हसू आलं आणि लगेच गेलं. काम काय, तर कमी दोऱ्यात, पातळ अस्तरात तोच कोट कसा उभा करायचा ते शिकवणं. काका नाही म्हणाले. कारखाना तरीही गेला. मालक सगळं विकून फ्लोरिडात राहायला गेला.

"मग गावातल्यांना सांगितलं नाही काकांनी?"

"कारखान्यातल्या पुरुषांचा डोंगरात एक कॅम्प आहे. लाकडाची झोपडी. तीस वर्षं हे त्यांच्याबरोबर शिकारीला गेले. आदल्या आठवड्यात फोन यायचा, 'मसाला भाजलास का?' म्हणून. बारा माणसांचं मटण हे न्यायचे. तिकडे बर्फात बसून ते गोरे सावजी खायचे, घाम पुसत." काकूंनी पातेलं पालथं घातलं. "कारखाना बंद झाला त्या वर्षी ह्यांनी मसाला भाजला, कपडे घातले, पहाटे गॅरेजमध्ये फोनजवळ बसले. फोन आला नाही. अजून बसतात."

मला काकांचा इतका राग आला की मी रात्रभर कूस बदलत राहिले. एक वाक्य! 'मी नाही म्हणालो होतो', एवढं एक वाक्य ह्या माणसाला बोलता येत नाही? सकाळी मी त्यांना गॅरेजमध्ये गाठलं.

"तुम्ही सांगत का नाही त्यांना?"

"काऊन सांगू? तीस वर्षं माझा हात पाह्यला त्यांनी. मी वाईट टाका एकदा तरी पास केला का? त्यांले सांगा लागते?"

"हो, लागतं! माणसांना सांगावं लागतं!"

"तुझ्या कोटाचं वरचं बटण लाव," ते म्हणाले आणि मशीनकडे वळले.

पुढच्याच शनिवारी मला धडका कोट घेऊन द्यायचा म्हणून ते मला डोंगरापलीकडच्या त्या गावात घेऊन गेले. मुख्य रस्त्यावर शिकारीच्या सामानाचं दुकान. दुकानात दाराशीच तोच लाल-काळ्या चौकड्यांचा कोट टांगलेला, नाव तेच, चित्र तेच. मी कॉलर उलटून पाहिली. मेड इन इंडिया. परदेशात ते शब्द दिसले की आपलं जे होतं ते माझंही झालं. "काका, आपल्याकडचाय!" असं मी बोलून गेले, आणि जीभ चावली.

त्यांनी काखेतली शिवण ताणली. दोन टाके तुटले, तो आवाज मलाही ऐकू आला. काउंटरमागून एक साठीची बाई आली. पांढरे केस, चष्मा दोरीनं गळ्यात. तिनं कोट त्यांच्या हातातून काढून घेतला.

"सर, फाटला तर विकत घ्यावा लागेल," ती म्हणाली.

काका तिच्याकडे बघत राहिले. मग टोपी घालून दुकानाबाहेर गेले. काचेतून दिसलं, ते ट्रकमध्ये जाऊन बसले.

"तुम्ही कारखान्यात होता?" मी तिला विचारलं.

"बाह्या. बावीस वर्षं बाह्याच जोडल्या मी. त्या टेबलावरून ह्याच्या टेबलावर जायच्या."

बावीस वर्षांची ओळख, आणि म्हणे 'सर'! माझा संताप मस्तकात गेला. मोडक्यातोडक्या इंग्रजीत, कारण रागावलं की माझं इंग्रजी मोडतं, मी त्या दुकानात ओरडले. की हा माणूस गेला नाही. त्याला पाठवत होते, तो नाही म्हणाला. त्याचीही नोकरी गेली. तुम्हाला लाज वाटायला पाहिजे. मागच्या बाजूला बूट बघणारे दोघे जण मान वळवून उभे राहिले.

ती बाई कोटाची घडी घालत होती. घडी पुरी झाल्यावर ती म्हणाली, "मला माहीत आहे, हनी."

"काय?"

"तो नाही म्हणाला ते. मालकाच्या ऑफिसातल्या पोरीनं त्याच आठवड्यात आम्हाला सांगितलं. सगळ्यांना माहीत आहे."

"मग?"

"मालक फ्लोरिडात आहे," ती म्हणाली. "त्याला शिव्या द्यायच्या तर विमानाचं तिकीट काढायला पाहिजे. हा दर वर्षी इथे येतो." तिनं चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि तो तिकडचाच दिसतो. बाकी काही नाही."

तिकडचा म्हणजे माझ्यातला. ते तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिनं जरा वेळानं माझ्याकडे नीट पाहिलं, मग माझ्या जुन्या कोटाकडे. हात पुढे करून तिनं खांद्याच्या शिवणीवरून अंगठा फिरवला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. शिवण कुणाची ते तिला कळलं होतं. मी कोट न घेता बाहेर आले. दार आपटायचा प्रयत्न केला, पण तिथली दारं हळूच मिटणारी असतात.

ट्रकमध्ये हीटर चालू होता. काका समोर बघत होते.

"त्यांना माहीत आहे, काका," मी म्हटलं. "पहिल्यापासून माहीत होतं."

"मले माहीत आहे त्यांले माहीत आहे."

त्यांनी गाडी रस्त्यावर घेतली. डोंगर चढून, उतरून घरी येईपर्यंत मी रडत होते. दुःखानं नाही, संतापानं. त्या बाईवर, त्या मालकावर, त्या चकल्यावाल्यावर, आणि सगळ्यात जास्त ह्या शेजारी बसलेल्या हट्टी माणसावर, ज्याला सगळं माहीत होतं आणि जो दर वर्षी त्या दुकानात जाऊन त्या बाईसमोर उभा राहत होता.

थँक्सगिव्हिंगनंतरच्या त्या सोमवारी पहाटे मी गजर लावून उठले. काका गॅरेजमध्ये स्टुलावर, पूर्ण पोशाखात. शेजारी पातेलं, भिंतीवर फोन. डोंगरावर पहिली गोळी उडाली.

"एकटे जा ना!" मी ओरडले. "डोंगर काय त्यांच्या बापाचा आहे? बंदूक आहे, परवाना आहे, हा असला कोट आहे, जा की! बसलात काय?"

त्यांनी पातेल्यावरचं झाकण उचललं. वाफ वर आली.

"एकट्याले येवढं मटण कशाले लागते, पोरी?"

मी आमच्या बेसमेंटमधून दोन ताटल्या आणल्या. त्यांच्या समोर उलट्या बादलीवर बसले आणि पहिल्यांदाच ते मटण खाल्लं. भयंकर तिखट होतं. नाका-डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मध्ये मध्ये गोळ्यांचे आवाज येत होते. दर आवाजाला काका घास थांबवून कान द्यायचे, कुठल्या बाजूनं आला ते ओळखायचे आणि कॅम्पच्या बाजूचा असला की म्हणायचे, "हे आपलेच." मग पुन्हा खायला लागायचे.

पुढच्या नोव्हेंबरापर्यंत त्यांच्या छातीत दुखून गेलेलं होतं. डॉक्टरांनी तिखट, मटण, थंडीत बसणं, सगळ्याला नाही सांगितलेलं. एका संध्याकाळी मी लॅबमधून आले तर गॅरेजमधून तोच झोंबरा धूर उठला होता. मिरच्यांची परात नेहमीइतकीच भरलेली. काकू वरच्या पायरीवर पदर नाकाला लावून उभ्या होत्या, त्यांनी माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

"काका, निदान ह्या वर्षी तरी कमी करा हो. कोण खाणारे एवढं? थोडंसं करा."

त्यांनी मिरच्या परतल्या. माझ्याकडे पाहिलं ते असं, की एवढी शिकलेली पोरगी आणि हिला एवढंही कळू नये.

"आणि फोन आला तर?"

मला भयंकर राग आला. मी स्टूल ओढलं, वर चढले, आणि अलार्म वाजायच्या आत त्याची बॅटरी काढून ठेवली.